ओला दात, कोरडा रंग

पांढरा नावाचा रंग अस्तित्वातच नाही, असं तिचं ठाम मत होतं. जे आहे ते एक भलंमोठं, एकमेकांशी न पटणारं कुटुंब आहे: खडू, कापूस, शिंपला, साय, हाड, अंड्याचं कवच. "नुसता पांढरा द्या हो" म्हणत येणारं गिऱ्हाईक या घराच्या दारात उभं राहून "कुणालाही बोलवा" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं असतं, असं ती म्हणायची. एकवीस वर्षं रंगाच्या दुकानात डबे ढवळलेल्या बाईच्या मताला मान द्यावाच लागतो. गिऱ्हाइकाने कागदात गुंडाळून आणलेला भिंतीचा पोपडा ती डोळे बारीक करून पाहायची, "पिवळा दीड थेंब, काळा अर्धा" असं पुटपुटायची, आणि दहा मिनिटांत त्या भिंतीचा सख्खा भाऊ डब्यात तयार असायचा. म्हणून तिला सगळे शेडबाई म्हणत. नवराही म्हणायचा, पण पाहुणे नसताना.

शेडबाईला हसू फार यायचं. तिची अडचण हसण्याची नव्हती, दातांची होती. वरचे पुढचे दोन दात बसच्या एका सीटवर बसलेल्या दोन जाड माणसांसारखे एकमेकांवर चढलेले होते, आणि शेजारचे दोघे त्यांच्याकडे पाठ फिरवून बसल्यासारखे. त्यामुळे हसू आलं की उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. हात रंगाचा. मग वरच्या ओठावर, नाकाच्या शेंड्यावर दिवसभराची नोंद होत राहायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. नोंदी वाचायची त्याला सवय होती. संध्याकाळी ती घरात शिरली की तो तिच्या नाकाखाली बघून सांगायचा, "आज फिकट निळा, वर थोडा विटकरी. दोनदा हसलीस. विटकरीला जास्त."

आणि ते खरं असायचं.

चाळिशीला एक वर्ष उरलेलं असताना ती मुलीला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेली. मुलगी तेरा वर्षांची, तिला तारा बसवायच्या होत्या. तिथली डॉक्टर इतकी लहान दिसायची की शेडबाईने पहिल्याच दिवशी तिला "बाळ, मोठ्या डॉक्टरांना बोलाव" असं सांगितलं होतं. तेव्हापासून या घरात तिचं नाव छोटी डॉक्टर. छोटी डॉक्टर मुलीचे दात बघता बघता आईकडे वळली.

"ताई, तुम्हीही बसवून घ्या की."

"या वयात?"

"दात वय विचारत नाहीत. मागून कोण ढकलतंय तेवढंच बघतात."

शेडबाई हसली, हात तोंडावर गेला, आणि छोट्या डॉक्टरने पाहिलं की तिचं नाक हिरवं झालं आहे. मग मायलेकींनी एकाच महिन्यात तारा बसवल्या. मुलीच्या आधी निघाल्या, कारण तेरा वर्षांचे दात ऐकतात. आईचे दात चाळिशीचे. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागली. दोन वर्षं लागली.

तारा निघाल्या त्या दिवशी शेडबाई खुर्चीतच उठून बसली आणि आरसा हातात घेतला. दात सरळ. शाळेच्या प्रार्थनेला उभी असलेली पोरं जितकी सरळ असतात त्याहून सरळ. ती हसायला निघाली, आणि अर्ध्या वाटेवर थांबली.

वरच्या चार दातांवर पांढऱ्या चौकटी होत्या. तारा ओवायला प्रत्येक दातावर एकेक बटण चिकटवलेलं होतं, त्या बटणाच्या भोवती. भिंतीवरचा फोटो उतरवला की मागे चौकोन राहतो, तसा. फरक इतकाच की इथे चौकोन ठीक होता आणि भोवतालची भिंत बिघडली होती.

"खडू," ती म्हणाली.

"काय?"

"बाकीचा दात शिंपल्यातला आहे, थोडा पिवळ्याकडे. ही कड मात्र निव्वळ खडू. रंगवताना कडेला लावतात ती टेप तुम्ही नीट काढली नाही का?"

छोट्या डॉक्टरने मास्क खाली केला. मास्क खाली झाला की पुढे लांबलचक सांगणं असतं, हे मायलेकींना आता ठाऊक होतं.

"ताई, वरून काही लागलेलं नाही. बटणाच्या कडेला दातावर चिकट थर साचतो. त्यातले जंतू गोडावर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातली खनिजं निघून गेली. आत बारीक बारीक पोकळ्या झाल्या. उजेड तिथे अडखळतो, म्हणून पांढरं दिसतं."

"म्हणजे रंग गेलेला नाही. पुट्टी भुसभुशीत झालीय."

छोट्या डॉक्टरला पाच वर्षं कॉलेजात कुणी इतकं थोडक्यात शिकवलं नव्हतं. "हो. तसंच."

"मग सँडपेपरने..."

"ताई!"

"झिरो नंबरचा म्हणतेय मी."

"काहीही घासायचं नाही. आणि मला सांगा, दिवसभर गोड काय खाता?"

"मी? काही नाही," शेडबाई म्हणाली.

"पेपरमिंट," मुलगी म्हणाली.

दुकानाच्या काउंटरवर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी होती. ती गिऱ्हाइकांसाठी होती. रंग निवडताना नवरा-बायकोंचं भांडण होतं, तेव्हा तोंडात काहीतरी असलेलं बरं, म्हणून मालकाने ठेवलेली. पण भांडण ऐकणाऱ्यालाही तोंडात काहीतरी लागतंच, आणि शेडबाई दिवसभर ऐकायची. एक संपली की दुसरी. जेवणानंतर ती तासन् तास घासल्यासारखे दात घासायची, हे खरं. पण जेवणं दोन आणि गोळ्या दिवसभर.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," शेडबाई मुलीकडे बघून म्हणाली.

"ओठ माझे आहेत, आई. दात तुझे."

उपाय साधा होता, म्हणजे कठीण होता. खनिजांचं एक मलम रोज दोनदा लावायचं, फ्लोराइडच्या पेस्टने हळू हाताने घासायचं, गोळ्या बंद, आणि तीन महिने थांबायचं. लाळेतून खनिजं परत आत शिरतात, दात स्वतःची डागडुजी स्वतः करतो. मग जे उरेल त्यावर एक पातळ द्रव जिरवू, म्हणाली डॉक्टर. भोकं बिकं काही पाडायची नाहीत. "फक्त थांबायचं."

रंगवाल्या माणसाला थांबायला सांगणं चूक नाही. रंगाचा एक हात दिला की दुसऱ्यासाठी तो थांबतोच. पण वाळेपर्यंत. तीन महिने वाळणारा रंग शेडबाईने पाहिलेला नव्हता.

त्याच आठवड्यात मालकाच्या डोक्यात बोर्ड आला.

समोरच्या फुटपाथवर रंगाचं नवं दुकान उघडलं होतं आणि त्यांच्याकडे एक यंत्र होतं. भिंतीचा तुकडा खाली ठेवला की ते टुक् करून शेड सांगायचं. मालक दिवसातून सात-आठ वेळा दारात जाऊन त्या टुक्‌कडे कान लावायचा. एके दिवशी तो परत फिरला आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, "त्यांच्याकडे मशीन आहे ना? आपल्याकडे माणूस आहे! दुकानावर दाराएवढा बोर्ड लावायचा. त्यावर तुमचा फोटो. खाली लिहायचं, 'शेडबाईंना विचारा'."

"माझा?"

"मग काय माझा? मला कोण काय विचारणार? फक्त एक अट. दात दाखवून हसायचं. तोंड मिटून हसणारा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं गिऱ्हाइकाला. फोटोवाल्याने तीन महिन्यांनंतरची तारीख दिलीय. तोवर होईल ना तुमचं ते दाताचं?"

"होईल," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते कळून हात तोंडावर गेला. त्या दिवशी नाक मोरपंखी.

घरी तिने जुने फोटो काढले. शाळेतला वर्गाचा फोटो: तिसरी रांग, ओठ शिवलेले. रंगाच्या कारखान्यातली सहल: चेहऱ्याच्या जागी हात. लग्नाचा अल्बम: दीडशे फोटो, आणि सगळ्यांत नवरी पळवून आणल्यासारखी गंभीर.

"मला वाटायचं, तुला मी पसंत नाही," नवरा म्हणाला. "पहिले सहा महिने वाटायचं."

"एकही फोटो नाही रे. चाळीस वर्षांत हसतानाचा एकही नाही. आता काढतायत तर दाराएवढा, आणि त्यात हे..." तिने ओठ वर करून चौकटी दाखवल्या. "जमलं पाहिजे हे मला. खरंच जमलं पाहिजे."

ती असं क्वचित बोलायची. नवऱ्याने अल्बम मिटला आणि मलमाची ट्यूब शोधून आणून तिच्यासमोर ठेवली.

शेडबाईने पथ्य असं पाळलं की पाहणाऱ्याचे दात दुखावेत. बरणीतल्या गोळ्या तिने काढून टाकल्या आणि रिकामी बरणी बरी दिसत नाही म्हणून तिच्यात चकचकीत छोटे स्क्रू भरले. मलम वेळेवर, ब्रश मऊ, घासणं असं की बाळाला थोपटावं. मालकाला तिने सांगून ठेवलं, "लोक विचारतील, ही बाई दातांच्या मागे काय लागलीय म्हणून. विचारू देत. हसतील त्यांचे दात दिसतील."

"आपल्याला तेच तर पाहिजे," मालक म्हणाला.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती मोजमापात, आणि ती चूक करायला एकवीस वर्षांचा अनुभव लागतो.

रंगाच्या धंद्याचा पहिला नियम: ओला रंग खोटं बोलतो. डब्यात दिसतो तो वेगळा आणि भिंतीवर वाळतो तो वेगळा. म्हणून शेड तयार झाली की तिचा एक ठिपका डब्याच्या झाकणावर लावायचा, केस वाळवायच्या ड्रायरने तो सुकवायचा, आणि मगच नमुन्याशी ताडून बघायचा. शेडबाईच्या हाताखालून हजारो ठिपके गेले होते, आणि एकाही ओल्या ठिपक्यावर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता. मग स्वतःच्या दातावर का ठेवावा?

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती अर्ध्या शटरच्या आड आरशासमोर उभी राहायची. डाव्या हाताच्या दोन बोटांनी वरचा ओठ उचलायचा, उजव्या हाताने ड्रायर तोंडात सोडायचा, दात ठणठणीत कोरडे करायचे, ड्रायर ठेवून पांढऱ्यांचं शेडकार्ड दाताशेजारी धरायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात लिहिलं: खडू. तिसऱ्या आठवड्यात: खडू. सहाव्यात: खडू, बहुधा जास्तच. दहाव्या आठवड्यात तिने नुसती खूण केली, कारण तो शब्द लिहायचाही तिला आता कंटाळा आला होता. ती हसेनाशी झाली. नवऱ्याने तिच्या नाकाखाली सलग नऊ दिवस काही सापडलं नाही असं सांगितलं आणि आवाजात काळजी येऊ दिली नाही.

अकराव्या आठवड्यात एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका न्हाणीघरासाठी पांढरा रंग घ्यायला सकाळी लवकर आल्या. आतून घूं घूं आवाज येत होता. त्यांनी शटरखालून वाकून पाहिलं. त्यांनी आयुष्यात पोरांना बाकाखाली, झाडावर आणि एकदा पाण्याच्या टाकीतही पाहिलं होतं, त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत.

"काय सुकवताय?"

"आत," शेडबाई म्हणाली. मग ओठ सोडून नीट म्हणाली, "दात."

"धुतले होते?"

"हो."

"मग पुसायचे," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि थांबल्या. "पांढरा द्या एक डबा. नुसता पांढरा."

जाता जाता त्यांनी मालकाला गाठून एवढंच सांगितलं की तुमच्या बाईंना सुट्टीची गरज आहे. मालकाने नवऱ्याला फोन लावला. "ताण आलाय बहुतेक फोटोचा. तीन दिवसांनी फोटोवाला येतोय. मी काय म्हणतो, बोर्डावर माझ्या भाच्याला घेऊ का? तो हसतो बरा. त्याला कारण पण लागत नाही."

"दोन दिवस थांबा," नवरा म्हणाला. "परवा सकाळी दवाखाना आहे."

दवाखान्यात सगळं कुटुंब गेलं. शेडबाईने खुर्चीत बसायच्या आधीच वही पुढे केली. "तुमचं मलम लागू पडलं नाही. सगळं लिहून ठेवलंय मी. तुमचा दोष नाही, माझीच भिंत वाईट."

छोटी डॉक्टर वही वाचू लागली. खडू. खडू. खडू. मग शेडबाईचा ओठ उचलून तिने दिवा जवळ आणला, दातांकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं.

"ताई, हे डाग निम्म्याहून जास्त गेलेत. हे दोन दात तर जवळपास स्वच्छ आहेत. तुम्ही बघता कशात?"

"उजेडात. कोरडे करून."

"कोरडे कसे?"

शेडबाईने सांगितलं.

यानंतर काही वेळ दवाखान्यात उपचार होऊ शकले नाहीत. छोटी डॉक्टर आधी मास्कच्या आत हसली, मग मास्क काढून हसली, मग ट्रे हातातून पडू नये म्हणून तो ठेवून हसली. मुलगी खुर्चीच्या पायथ्याशी बसली होती ती तिथेच आडवी झाली. नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचे फक्त खांदे हलत होते.

"ताई, अहो," डॉक्टर डोळे पुसत म्हणाली, "दात ओलाच असतो! जन्मभर! तो वाळवला की त्या पोकळ्यांतलं पाणी जातं, हवा शिरते आणि डाग होता त्याच्या दुप्पट दिसतो. चांगला दातसुद्धा वाळवला तर खडू दिसेल. दात वाळवून बघणं म्हणजे माशाला टेबलावर ठेवून पोहता येतं का ते बघणं!"

"पण ओला रंग खोटं..."

"रंग बोलत असेल. दात कोरडा झाला की खोटं बोलतो."

एकवीस वर्षांचा नियम, आणि तो शेडबाईच्याच तोंडात उलटा निघाला. मग तिने सावकाश जीभ दातांवरून फिरवली, आरसा मागितला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा आपले ओले दात पाहिले.

"साय," ती म्हणाली. "साय आहे ही. खडू कुठाय?"

उरलेल्या दोन दातांवर डॉक्टरने त्याच दिवशी द्रव जिरवला. दातांभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, कसलीशी जेल लावून डागाची वाट उघडली, धुतली, सुकवली. मग स्पिरिटसारखं काहीतरी दोन थेंब सोडलं आणि आरसा पुढे केला. "बघा पटकन. आता उडून जाईल." डाग नव्हते. शेडबाई डोळे मिचकावेपर्यंत परत आले. "ही झलक होती," डॉक्टर म्हणाली, "आता हेच कायमचं." पातळ राळ डागात मुरू दिली, निळा दिवा धरला, परत मुरू दिली, परत दिवा. भिंतीला प्रायमर पाजतात तसं, असं शेडबाईला म्हणायचं होतं, पण तोंडात पडदा होता. डॉक्टरच्या दृष्टीने तो दिवसातला सर्वांत शांत अर्धा तास होता.

"सुळ्यावर एक टाचणीएवढा ठिपका राहील. तो खोल आहे. आणि नीट ऐका. आज इतका वेळ दात कोरडे राहिलेत, म्हणून उद्यापर्यंत ते खडूसारखे दिसतील. सगळेच. ते खरं नाही. आज आरसा बघायचा नाही. ड्रायर हातातसुद्धा धरायचा नाही."

"फोटो उद्या आहे," शेडबाई म्हणाली. "उद्यापर्यंत होतील ना ओले?"

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. मालक होता. फोटोवाल्याला उद्या दुसरीकडे जायचं होतं. तो आजच आला होता, आत्ता, दुकानात, छत्री उघडून बसला होता.

ती छत्री दिव्याची होती, हे दुकानात पोचल्यावर कळलं. शेडबाई ओठ मिटून आत शिरली आणि ओठ मिटूनच उभी राहिली. मालकाने हौसेने तिच्या उजव्या हातात ड्रायर दिला. "कामाची वस्तू हातात पाहिजे. खरं वाटतं." डॉक्टरची आज्ञा पहिल्या तासातच मोडली, पण निदान वायर लावलेली नव्हती.

"हसा," फोटोवाला म्हणाला.

"पाणी!" मुलगी ओरडली. "आई, आधी पाणी! जीभ फिरव!"

शेडबाईने बाटलीतून घोट घेतला, जीभ फिरवली, हसायला तोंड उघडलं, आणि हात ड्रायरसकट वर गेला. पहिल्या फोटोत ड्रायर होता आणि बाई नव्हती. दुसऱ्यातही. "हात खाली, ताई." "हो." परत वर. "पाणी!" "हात!" "जीभ!" मालक, मुलगी आणि नवरा तीन बाजूंनी ओरडत होते, एखादं जहाज धक्क्याला लावतात तसं. अठ्ठावन्न फोटो झाले. हाताला चाळीस वर्षांची नोकरी होती. तो एका दुपारी राजीनामा देणार नव्हता.

"भाच्याला बोलावतो," मालक हळूच म्हणाला, पण तिला ऐकू जाईल इतकं मोठ्याने.

शेडबाईचा चेहरा उतरला. दाराएवढी जागा, आणि तिथे भाचा, कारण नसताना हसणारा. फोटोवाला थकून काउंटरला टेकला. एक हात कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवून त्याने दुसऱ्या हाताने, न बघता, बरणी उघडली आणि एक पेपरमिंट तोंडात टाकून कडकन चावली.

पेपरमिंट अर्ध्या इंचाची, गंजरोधक, चपट्या डोक्याची होती.

त्याच्या तोंडून जो आवाज आला तो कुठल्याही भाषेतला नव्हता. शेडबाई फुटली. पोटातून, खांद्यांतून, सगळी. हात सवयीने निघाला, पण हसू जास्त वेगात होतं; हात हनुवटीपर्यंतच पोचला. आणि कळवळलेल्या फोटोवाल्याचं बोट बटणावर आपसूक दाबलं गेलं.

फोटोवाल्याचे दात शाबूत होते. एकोणसाठावा फोटोही.

आठवड्याने बोर्ड लागला. मालक फुटपाथवर उभा राहून नाचायचाच काय तो बाकी होता. दाराएवढी शेडबाई ड्रायर माईकसारखा धरून मनमुराद हसत होती. समोरच्या दुकानातलं टुक् सकाळपासून ऐकू आलेलं नव्हतं. खरी शेडबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून डोळे बारीक करत होती.

"हे दात माझे नाहीत."

"अहो, किती छान दिसतायत!"

"छपाईवाल्याने पुसून काढलेत. हा पांढरा कुठल्याच घरातला नाही. आणि यात निळा आहे. माझ्या दातात निळा? लोक म्हणतील, हिला स्वतःच्या दाताची शेड कळत नाही आणि आमच्या भिंतीची सांगते." ती आत गेली. आरशासमोर उभी राहून, जीभ फिरवून, ओले दात पाहून तिने एक छोटा डबा ढवळला. सायीचा पांढरा, पिवळा एक थेंब, तांबडा पाव. मग शिडी मागितली.

नवऱ्याने शिडी धरली. लिफ्टवाल्याला शिडी धरायला लावणं हा अपमान आहे, असं त्याने तिला खालून तीनदा सांगितलं. वर तिच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश. बोर्डावरचा एकेक दात विटेएवढा. ती ते एकेक करून स्वतःचे करत गेली. मध्येच ओरडली, "ड्रायर द्या कुणीतरी! हा रंग आहे, वाळल्याशिवाय कळणार नाही!" मालक लांब वायर जोडून धावत आला आणि दुकानाच्या खिडकीतून लोंबकळत बोर्डाच्या दातांवर वारा सोडू लागला.

"आई!" खालून मुलगी. "तुझे वाळले! जीभ फिरव, मग ताडून बघ!"

शेडबाईने जीभ फिरवली, दात विचकले आणि मान वळवून स्वतःच्याच विटांशेजारी धरले. खाली वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. समोरच्या दुकानाचा मालकही बाहेर आला होता. गर्दीतून मुख्याध्यापिका पुढे आल्या, वर बघितलं, चष्मा नीट केला.

"हेही धुतले होते का?"

शेडबाई हसली. शिडी हलली, डबा हलला, मालकाच्या हातातला ड्रायर आकाशाकडे वळला. एक हात डब्यात गुंतलेला, दुसरा ब्रशमध्ये. ती तशीच हसत राहिली, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसेल असं, आणि हसणं संपेना म्हणून शिडीच्या पायरीवर टेकून परत हसली.

"हस," नवरा खालून म्हणाला, "पण वजन सांभाळून हस!"

सगळं संपल्यावर तिने ब्रशचं टोक कपातल्या खडूच्या शेडमध्ये बुडवलं आणि बोर्डावरच्या सुळ्यावर एक टाचणीएवढा, म्हणजे त्या मापात रुपयाएवढा ठिपका ठेवला.

"हा डाग कशाला?" मालक कळवळून म्हणाला.

"आहे म्हणून. शेड म्हणजे शेड."

संध्याकाळी ती घरात शिरली. कपड्यांवर साय, केसांत साय, डाव्या कानात थोडी साय. नवऱ्याने नेहमीप्रमाणे तिला दिव्याखाली उभं केलं आणि नाकाखाली नीट, बराच वेळ पाहिलं. वरचा ओठ स्वच्छ होता. नाकाचा शेंडाही.

"नोंदीप्रमाणे," तो गंभीरपणे म्हणाला, "आज तू एकदाही हसली नाहीस."